एक शब्द, एकच अर्थ?

'रन' म्हणजे धावणे, असे आपण पाठ करतो. पण इंग्रजीत नळही 'रन' होतो, सर्दीत नाकही, आणि धुताना कपड्याचा रंगही! ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात या एका क्रियापदाचे ६०० हून अधिक अर्थ आहेत.

घाबरू नका. आपले 'लागणे' पाहा : भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते. सोबतचा शब्द बदलला की अर्थ बदलतो. हे कुणी घोकले? घरात ऐकूनच आले ना?

म्हणून वहीत सुटे अर्थ नकोत, पूर्ण वाक्ये लिहा. आणि पालकहो, इंग्रजी सुधारावे म्हणून घरातली मराठी बंद करू नका. ज्याला 'लागणे' कळले, त्याला 'रन' कळायला वेळ लागणार नाही.