कष्ट नकोत, असं कोण म्हणालं?

शेठ,

नव्या शाखेच्या उद्घाटनाला तुम्ही माइकवर म्हणालात, "आजकालची पोरं टिकत नाहीत, त्यांना कष्ट नकोत." पाहुणे हसले. पेढ्यांचं ताट घेऊन मी तिथंच उभा होतो. माझा जन्म नव्वदच्या आसपासचा, दोन लेकरांचा बाप आहे, तुमच्याकडंच मोरीवरून कॅप्टन झालोय. त्या पोरांमध्ये मीही आलो की नाही?

पुणे-नगर रस्त्यावरचं हॉटेल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. अंगारकीला रांजणगावचा गणपती, एक जानेवारीला पेरण्याचा जयस्तंभ, एरवी एमआयडीसीच्या शिफ्टा सुटल्या की टेबलं फुल्ल. त्या गर्दीत कुणी पळालं नाही. पोरं जातात पगारानंतर. खाड्याचे पैसे बरोबर कापलेले असतात, जादा तास मात्र कुठंच दिसत नाहीत.

त्यात ब्रेक शिफ्ट. अकरा ते चार, मग सात ते शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत. मधले तीन तास तुमच्या हिशेबी आराम. ज्याची खोली लांब, तो स्टोअरमध्ये तांदळाच्या गोण्यांवर पडतो. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तास, एक पूर्ण सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट मजुरी आहे. आधीचे वस्ताद हे वाचत नव्हते, आम्ही मोबाइलवर वाचतो. त्याला तुम्ही उर्मटपणा म्हणता. रोजचे तास नऊचे दहा करायला 2025 मध्ये सरकारनं मंजुरी दिली, ती बातमी मॅनेजरनं लगेच ग्रुपवर टाकली. दुप्पट दराचं अजून कुणी टाकलेलं नाही.

आणि दौंड! सुट्टी मागितली की दौंड शाखा. न्हावरे, चौफुला करत जा आणि रात्री हॉटेल बंद झाल्यावर मिळेल त्या गाडीला हात करत या. तिकडच्या पोरांना शिक्षा म्हणून आमची शिरूर शाखा. यवत-वरवंडला तुकोबांची पालखी मुक्कामी असते तेव्हा माणसं कमी पडतात, हे कळतं. तेव्हा आम्ही आपणहून गेलोय. पण लेकीच्या वाढदिवसाला रजा मागितली म्हणून बदली?

राग नाही शेठ, लागलंय मनाला. पूर्वी दुपारी तुम्ही आमच्याच पंगतीला बसायचात, कुणाची आई दवाखान्यात आहे हे तुम्हाला माहीत असायचं. आता मीटिंगला धाकटे शेठ येतात, "आपण एक फॅमिली" म्हणतात, आणि उद्याचा ड्युटी चार्ट रात्री बाराला व्हॉट्सअॅपवर पडतो.

चार्ट शनिवारीच लावा. जादा तास वहीत लिहा, ती वही आम्हाला दाखवा. माझं नाव दौंडच्या यादीत टाकणार असाल तर कारण लेखी द्या. सोमवारी माझी सुट्टी आहे, त्या दिवशी फोन करू नका.

आपला,
शिरूर शाखेतला एक कॅप्टन