आठवण अख्खी हवी

कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बॉल्डविन यांच्या जन्माला २ ऑगस्ट २०२४ रोजी शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने अनेक ठिकाणी वाचनाच्या संध्याकाळी झाल्या, नव्या पिढीच्या लेखकांनी आपल्यावरचं त्यांचं ऋण जाहीरपणे सांगितलं. अशा संध्याकाळी व्हायलाच हव्यात. मात्र समलिंगी लेखकाचा गौरव करताना त्याच्यातलं नेमकं काय मंचावर येतं आणि काय पडद्यामागे ठेवलं जातं, याकडे लक्ष दिलंच पाहिजे. खुद्द बॉल्डविन यांच्या बाबतीत एकदा हे घडलेलं आहे.

१ डिसेंबर १९८७ रोजी बॉल्डविन फ्रान्समध्ये वारले. आठवडाभराने न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये त्यांना निरोप द्यायला हजारो लोक जमले. टोनी मॉरिसन, माया अँजेलू, अमिरी बराका असे मोठे साहित्यिक बोलले, आणि मनापासून बोलले. बॉल्डविन यांची भाषा, त्यांचं धैर्य, वर्णभेदाविरुद्धचा त्यांचा लढा या सगळ्याचा गौरव झाला. ते समलिंगी होते, याचा उल्लेख मात्र कोणीही केला नाही. कृष्णवर्णीय लेस्बियन समीक्षक बार्बरा स्मिथ यांनी त्यानंतर एक लेख लिहिला. आपल्या माणसांना आपल्याला नेहमी दोनदा मूठमाती द्यावी लागते, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. एकदा सगळ्यांसोबत, जिथे अर्धं माणूस झाकलेलं असतं. आणि एकदा आपलं आपण, पूर्ण माणसाला.

जे झाकलं गेलं, त्याचीच किंमत बॉल्डविन यांनी आयुष्यभर मोजली होती. पहिली कादंबरी १९५३ साली गाजल्यावर हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या जगण्याचा भाष्यकार म्हणून त्यांच्याकडे पाहिलं जाऊ लागलं. त्यांनी दुसरी कादंबरी लिहिली ती पॅरिसमधल्या दोन पुरुषांच्या प्रेमाची : ‘जियोव्हानीज रूम’. पहिली कादंबरी छापणाऱ्या नॉफ या प्रकाशनसंस्थेने ती नाकारली. १९५६ साली ती डायल प्रेसने काढली. पुढे १९६८ साली ब्लॅक पँथर पक्षाचे नेते एल्ड्रिज क्लीव्हर यांनी आपल्या पुस्तकात बॉल्डविन यांच्या समलिंगी असण्यावरच हल्ला चढवला आणि त्यामागे स्वतःच्या वंशाविषयीचा द्वेष असल्याचा आरोप केला. गोऱ्यांच्या जगात त्यांचा रंग आड येत होता आणि आपल्या माणसांत त्यांचं प्रेम. दोन्ही बाजूंनी दडपण असताना त्यांनी दोन्ही विषयांवर लिहिणं चालू ठेवलं. म्हणूनच त्यांच्या आयुष्यातली एक बाजू वगळून दुसरीचा सत्कार करता येत नाही.

नव्या लेखकांपर्यंत त्यांचा वारसा कसा पोचला, ते पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. १९७३ साली फिलाडेल्फियात समलिंगी साहित्याचं एक पुस्तकांचं दुकान निघालं. त्याला नाव दिलं गेलं ‘जियोव्हानीज रूम’. एका प्रकाशकाने परत पाठवलेली कादंबरी सतरा वर्षांत दुकानाच्या पाटीवर आली. पुढे या दुकानात जोसेफ बीम नावाचा कृष्णवर्णीय समलिंगी तरुण काम करू लागला. रोज ही पुस्तकं हाताळताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्यासारख्यांचं जगणं सांगणारी पुस्तकं यात जवळजवळ नाहीतच. ज्या कादंबरीवरून दुकानाला नाव मिळालं होतं, तिची प्रमुख पात्रंही गोरीच होती. १९७९च्या ‘जस्ट अबव्ह माय हेड’मध्ये बॉल्डविन यांनी एका कृष्णवर्णीय समलिंगी गायकाला केंद्रस्थानी आणलं, तरी उणीव मोठी होती. बीमने देशभरातून लेखन मागवलं आणि १९८६ साली कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचं ‘इन द लाइफ’ हे संकलन प्रसिद्ध केलं.

डिसेंबर १९८८मध्ये एड्सने बीमचा बळी घेतला. त्याने चौतिशीही पूर्ण केली नव्हती. दुसरं संकलन अर्धवट राहिलं होतं. बीमच्या आईच्या मदतीने कवी एसेक्स हेम्फिल यांनी ते पुरं केलं आणि १९९१ साली ‘ब्रदर टू ब्रदर’ बाहेर आलं. चार वर्षांनी हेम्फिलही त्याच आजाराने गेले. एका लेखकाने जे सांगण्याचं धाडस केलं, त्याच्या आधाराने पुढच्यांनी त्याचं राहून गेलेलं सांगितलं. ही साखळी ज्या दुव्यामुळे जुळली, तोच दुवा निरोपाच्या दिवशी अनुच्चारित राहिला होता.

प्रभाव म्हणजे गुरुपूजा नव्हे, हेही बॉल्डविन यांच्याकडूनच शिकावं. कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी तरुण बॉल्डविनना १९४५ साली पहिली शिष्यवृत्ती मिळवून दिली. चारच वर्षांनी बॉल्डविन यांनी निषेधाच्या कादंबरीवर एक निबंध लिहिला आणि त्यात राइट यांच्या गाजलेल्या कादंबरीवर कठोर टीका केली. दोघांचे संबंध बिघडले. पण राइट यांच्यामुळे आपल्याला लिहिण्याची वाट दिसली, हे बॉल्डविन यांनी कधी नाकारलं नाही. स्वतः शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांना आपली नक्कल करायला लावलं नाही. १९८३ साली हॅम्पशायर कॉलेजमधल्या त्यांच्या वर्गात सुझन-लोरी पार्क्स ही विद्यार्थिनी आपल्या कथा हावभावांसह वाचून दाखवत असे. तू नाटक लिहून पाहा, असं बॉल्डविन यांनी तिला सुचवलं. २००२ साली नाटकासाठी पुलित्झर पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. बॉल्डविन यांना मात्र पुलित्झर किंवा नॅशनल बुक अवॉर्ड कधीच मिळालं नाही. जानेवारी १९८८मध्ये ४८ कृष्णवर्णीय लेखकांनी एका जाहीर निवेदनात ही खंत मांडली, तेव्हा ते ऐकायला बॉल्डविन हयात नव्हते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. समलिंगी चळवळीची ओळख बॉल्डविन यांनी स्वतःच अंगाला लावून घेतली नव्हती. मग आपण ती त्यांच्यावर का लादायची? त्यांनी कोणताच शिक्का स्वीकारला नाही, हे खरं आहे. पण आपलं प्रेम त्यांनी लपवलं नाही. कादंबऱ्यांतून, मुलाखतींतून ते उघडपणे बोलले. शिक्का नाकारण्याचा अधिकार त्यांचा होता. त्याच्या आडोशाने गप्प बसण्याची सवलत इतरांना मिळत नाही.

हा विषय मराठीला परका नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा तिने आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतलं. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या १९७८च्या ग्रंथाने कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठी वाचकांना सविस्तर ओळख करून दिली. जातीने पोळलेल्या समाजाला वर्णाने पोळलेल्या समाजाचं साहित्य जवळचं वाटलं. आता बॉल्डविन यांच्या दुसऱ्या बाजूकडेही तितक्याच आपुलकीने पाहण्याची वेळ आली आहे, कारण मराठीतही ते लेखन उभं राहिलं आहे. एकाच पुरुषावर प्रेम करणाऱ्या भाऊ-बहिणीची गोष्ट सांगणारी सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ २००६ सालीच आली. पुण्यात समपथिक ट्रस्ट चालवताना बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी तरुणांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी सोप्या मराठीत पुस्तकं लिहिली. ‘कुरूप’ या संग्रहाच्या कवयित्री दिशा पिंकी शेख जातीबद्दलही बोलतात आणि तृतीयपंथी म्हणून वाट्याला आलेल्या जगण्याबद्दलही. त्यांना एका मंचावर केवळ जातीविषयी आणि दुसऱ्या मंचावर केवळ लिंगभावाविषयी बोलायला लावलं, तर बॉल्डविन यांच्या बाबतीत झालेली चूक आपण आपल्या घरात पुन्हा करू.

म्हणून साहित्य संस्था, महाविद्यालयं आणि वाचनालयं यांच्याकडे काही मागण्या आहेत. कार्यक्रम जरूर करा, तो फक्त जून महिन्यातल्या प्राइडपुरता ठेवू नका. निमंत्रणपत्रिकेपासून आभारप्रदर्शनापर्यंत लेखकाची ओळख पूर्ण द्या; ‘वेगळे विषय हाताळणारे’ अशा शब्दांमागे लपू नका. नव्या लेखकांना मतभेद मांडायलाही बोलवा. लेखक हयात असताना त्याची पुस्तकं विकत घ्या, वाचनालयात ठेवा, पुरस्कारांसाठी त्यांचा विचार करा.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. कायद्याचा धाक आता उरला नाही. उरला आहे तो आपला संकोच. एखाद्या गावातला मुलगा किंवा मुलगी या लेखकांमुळे लिहायला धजते, ती त्यांच्यात आपल्यासारखं माणूस दिसतं म्हणून. सत्काराच्या भाषणातून तेच गाळलं, तर लेखकाचा अपमान होतो आणि त्या मुलाची वाटही बुजते. हे टाळण्यासाठी ना पैसा लागतो, ना परवानगी. जे खरं आहे ते व्यासपीठावरून स्पष्ट सांगायचं ठरवलं, की पुरे.