कॉन्व्हेंटची खरी कारणं



पुढच्या वर्षी आमची नात केजी वनला जाईल. म्हणून मंदिरात अभिषेक आटोपला, की ओट्यावर सध्या एकच विषय असतो. अर्ध्या जणी म्हणतात, "कॉन्व्हेंटमध्ये घालू नका, येशूची प्रार्थना म्हणायला लावतात, पोरगी णमोकार विसरेल." उरलेल्या म्हणतात, "तिथे शिस्त आहे, संस्कार आहेत." दोन्ही बाजू मी पस्तीस वर्षांपासून ऐकते आहे. दुसरी तर मी स्वतः बोलले आहे. आता सांगते, दोन्ही बाजू खरं बोलत नाहीत.

आपल्या विदर्भात 'कॉन्व्हेंट' या शब्दाची काय गंमत झाली आहे पाहा. कॉन्व्हेंट म्हणजे नन्सचा मठ. पण आपल्याकडे देवीच्या नावाचं कॉन्व्हेंट असतं, पुढाऱ्याच्या आईच्या नावाचंही असतं. तिथे ना सिस्टर, ना क्रूस. तरी पाटीवर तो शब्द लागतोच, कारण त्याशिवाय ॲडमिशन होत नाहीत. म्हणजे आपल्याला ख्रिस्ती धर्म नको आणि शिस्तही नको. आपल्याला इंग्रजी हवी आहे.

माझी कबुली आधी देते. मी बी.कॉम. खतावणी, ताळेबंद, सगळं येत होतं. पण लग्नानंतर एकदा बँकेत ह्यांच्याबरोबर गेले, तर तिथले साहेब इंग्रजीत बोलायला लागले आणि मी पदराशी चाळा करत उभी राहिले. त्या दिवशीच ठरवलं, माझी मुलगी अशी उभी राहणार नाही. तिला सिस्टरांच्या शाळेत घातली ती यासाठी. सासूबाईंना मात्र सांगितलं, "तिथे शिस्त फार छान आहे हो."

यात लाजण्यासारखं काय होतं? गोंदियात बाजार हिंदीत चालतो, शाळा मराठीत आणि नोकरीची मुलाखत इंग्रजीत. आईने लेकीसाठी इंग्रजी मागितली तर ते पाप नाही. पण आपण ते संस्कारांच्या कापडात गुंडाळतो. दशलक्षणात तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जवाची पूजा करतो ना आपण? आर्जव म्हणजे मनात एक, तोंडात एक असं न करणं.

आता प्रार्थनेची भीती. मैत्रिणींनो, संविधानाच्या कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की सरकारमान्य किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. एक साधा अर्ज द्यायचा. आपल्या मंडळातल्या किती जणींनी तो दिला? मी नाही दिला. कारण मला त्या प्रार्थनेचा त्रासच नव्हता. जोतिबा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती झाले नाहीत. उलट नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून आले आणि १८४८ मध्ये स्वतः मुलींची शाळा काढली. माझी मुलगीही दहा वर्षं तिथे शिकली. एकदा डब्याच्या सुट्टीत मैत्रिणीने अंडं आणलं होतं, तर घरी येऊन विचारलं, "आई, आपण का नाही खात?" सांगता सांगता माझीच तारांबळ उडाली. रविवारच्या पाठशाळेत तिला हा प्रश्न कधी पडला नव्हता. आणि ती पाठशाळा आज रिकामी आहे, ती सिस्टरांनी नाही रिकामी केली. आपणच नऊच्या वेळेला ट्यूशन लावली.

पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे.

तेव्हा आमच्याकडे भांड्याला बाई यायच्या. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. एकदा पाट्यावर चटणी वाटता वाटता म्हणाल्या, "ताई, माझ्या पोरीचं होईल का तिथं?" मी म्हटलं, "फी परवडायची नाही हो." खरंच परवडली नसती. पण ते बोलताना मला जे हायसं वाटलं, ते आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. पोरगी नगर परिषदेच्या शाळेत गेली. माझी तिथे गेली असती, तर दोघी एका बाकावर बसल्या असत्या. तेच मला नको होतं.

तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट. जुनी नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांना ठेवल्या. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं. परवा ओट्यावर एक जण हळूच म्हणाली, "म्हणून तर मिशनची शाळा बरी, तिकडे ते आरटीईवाले नसतात." कोणी काही बोललं नाही. मीही नाही. आणि त्याच वर्षी जानेवारीत आपल्यालाही अल्पसंख्याक दर्जा मिळाला आहे, म्हणजे उद्या आपण शाळा काढली तरी हेच होणार.

कुळाचा आणि जातीचा मद आठ मदांत मोजला आहे. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात मातंगाच्या देहात जन्मलेल्या सम्यग्दृष्टीलाही देव म्हटलं आहे. आणि कर्मवीर भाऊराव पाटील कोण होते? कुंभोजच्या जैन घरातले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवू घातली. भाऊराव आपले म्हणून अभिमानाने सांगतो आणि आपलं पोर कोणाशेजारी बसेल ते शाळेच्या फीवरून ठरवतो.

धर्म बुडतो तो इथे. सकाळच्या दोन मिनिटांच्या प्रार्थनेत नाही.

नातीला कुठे घालायचं ते सूनबाई आणि मुलगा ठरवतील, मी आडवी येणार नाही. सिस्टरांच्या शाळेचा फॉर्म आणला आहे. त्यात एक रकाना आहे, आमची शाळा का निवडली. सूनबाईंनी लिहिलं होतं, शिस्त आणि संस्कार. मी म्हटलं, खोडा ते, इंग्रजी लिहा. मुलगा हसला, "आई, असं लिहिलं तर घेतील का?"

शनिवारी फॉर्म द्यायचा आहे. रकाना अजून कोरा आहे.