विश्लेषण : इंग्लंड दौरा २-२ बरोबरीत, पण भारताच्या कोणत्या खेळाडूने नेमके काय कमावले?

सोमवारी, ४ ऑगस्टला, इकडे औंढा नागनाथला दुसऱ्या श्रावणी सोमवारची गर्दी होती आणि तिकडे लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या. भारतीय वेळेनुसार दुपारी साडेतीनला खेळ सुरू झाला आणि तासाभराच्या आत संपलाही. मोहम्मद सिराजच्या यॉर्करने गस अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडवला. भारत सहा धावांनी जिंकला आणि पाच कसोटींची तेंडुलकर-अँडरसन मालिका २-२ अशी सुटली. धावांच्या फरकाने पाहिले तर भारताचा हा कसोटीतील सर्वात निसटता विजय.

तासाभराच्या त्या थरारामुळे आधीच्या २४ दिवसांच्या खेळाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायदेशी वेस्ट इंडिज आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका, अशा प्रत्येकी दोन कसोटी होत्या. निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर आणि प्रशिक्षक गौतम गंभीर यांना त्याआधी काही नावांपुढे बरोबर, काहींपुढे प्रश्नचिन्ह करावेच लागणार होते.

बरोबरी म्हणजे यश की हुकलेली संधी?

दोन्ही. संघ रवाना झाला तेव्हा रोहित शर्मा आणि विराट कोहली यांनी मे महिन्यातच कसोटीला रामराम केला होता, अश्विन डिसेंबरमध्ये निवृत्त झाला होता. त्याआधी मायदेशी न्यूझीलंडकडून ०-३ आणि ऑस्ट्रेलियात १-३ असे दोन पराभव खात्यावर होते. २५ वर्षांचा नवा कर्णधार पाचही नाणेफेकी हरला. अशा स्थितीत २-२ कोणीही आनंदाने घेतले असते.

पण धावफलक वेगळे सांगतो. भारताने मालिकेत ३,८०९ धावा केल्या, इंग्लंडने एक डाव कमी खेळून ३,३७८. भारताची १२ शतके झाली. लीड्सला तर एकाच कसोटीत पाच शतके ठोकूनही भारत हरला. कसोटीच्या इतिहासात असे कोणत्याच संघाच्या वाट्याला आले नव्हते. लॉर्ड्सवर १९३ चे लक्ष्य २२ धावांनी हुकले. इंग्लंडमध्ये भारताने आजवर तीनच मालिका जिंकल्या आहेत : १९७१ ला अजित वाडेकर, १९८६ ला कपिल देव आणि २००७ ला राहुल द्रविड यांच्या नेतृत्वाखाली. चौथी अगदी हाताशी होती.

गिलच्या ७५४ धावा कशा वाचायच्या?

शुभमन गिलने १० डावांत ७५.४० च्या सरासरीने ७५४ धावा केल्या, चार शतके केली. भारतीय कर्णधाराने एका मालिकेत केलेल्या सर्वाधिक धावांचा सुनील गावसकर यांचा १९७८-७९ मधील ७३२ धावांचा विक्रम त्याने मोडला. गावसकर यांचाच १९७१ मधील ७७४ धावांचा भारतीय विक्रम मात्र २० धावांनी वाचला.

आता मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सरासरी या शब्दावर किती विश्वास ठेवायचा हे सांगावे लागत नाही. एका मंडळात ढगफुटी, शेजारच्या मंडळात दुबार पेरणी, आणि कागदावर तालुक्याचा पाऊस ‘सरासरीइतका’. गिलचे तसेच आहे. लीड्स आणि बर्मिंगहॅम या पहिल्या दोन कसोटींत त्याच्या धावा १४७, ८, २६९ आणि १६१, म्हणजे ५८५. उरलेल्या तीन कसोटींत सहा डाव मिळून १६९, आणि त्यातल्या १०३ मँचेस्टरच्या एकाच डावात. बाकीच्या पाच डावांची बेरीज ६६.

याचा अर्थ गिल अपयशी ठरला असा नाही. ते १०३ भारत ३११ धावांनी मागे असताना, दुसऱ्या डावाच्या पहिल्याच षटकात शून्यावर दोन गडी बाद झाल्यावर आले. दौऱ्यातले त्याचे सर्वात मोलाचे शतक बर्मिंगहॅमच्या २६९ पेक्षाही कदाचित हेच. पण चेंडू जिथे हलत होता तिथे, म्हणजे लॉर्ड्स आणि ओव्हलवर, चार डावांत कर्णधाराला एकदाही २५ चा टप्पा गाठता आला नाही. ही नोंद विक्रमाच्या शेजारी ठेवली पाहिजे.

सातत्य कोणाचे?

के. एल. राहुल आणि रवींद्र जडेजाचे. राहुलच्या ५३२ धावांत दोन शतके आणि मँचेस्टरचे ९० आहेत. सलामीवीर म्हणून नवा चेंडू सोडून देण्याचे जे कंटाळवाणे काम असते, ते त्याने इमानेइतबारे केले. लॉर्ड्सवरचे त्याचे हे दुसरे शतक. दिलीप वेंगसरकर यांची तिथे तीन आहेत.

जडेजाचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. फलंदाज म्हणून ५१६ धावा, सरासरी ८६. लॉर्ड्सवर शेवटच्या दिवशी उपाहाराला ८ बाद ११२ अशी अवस्था असताना तो बुमरा आणि सिराजला सोबत घेऊन तळ ठोकून राहिला. १८१ चेंडूंत नाबाद ६१. त्याने हाणामारी करायला हवी होती, असे नंतर बरेच जण म्हणाले. बुमरा ५४ चेंडू टिकला, सिराज ३०. समोरचा इतका टिकत असताना जोखीम घेणे कधी योग्य ठरले असते? इंग्लंडचे क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पांगलेले होते. उंच फटका म्हणजे थेट झेल. जडेजाचा मार्ग बरोबर होता, फक्त वरच्या फळीने त्याच्यासाठी फार मोठे काम मागे ठेवले होते.

गोलंदाज म्हणून मात्र जडेजाला पाच कसोटींत सातच बळी मिळाले, तेही ७० हून अधिक सरासरीने. संघात तो पहिला फिरकीपटू म्हणून होता, हे विसरून चालणार नाही.

ऋषभ पंतने चार कसोटींत ४७९ धावा केल्या. लीड्सच्या दोन्ही डावांत शतके, आणि मँचेस्टरला पायाचे हाड मोडलेले असताना लंगडत येऊन पूर्ण केलेले अर्धशतक. त्याच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे एकच भर : लॉर्ड्सच्या पहिल्या डावात उपाहाराआधी घाईची एक धाव घेताना तो ७४ वर धावबाद झाला. दोन्ही संघांचे पहिले डाव ३८७ वर संपले आणि सामना २२ धावांनी गेला, तेव्हा ती धाव आठवणारच.

मुंबईकर यशस्वीचे प्रगतिपुस्तक काय सांगते?

डाव असे : १०१, ४, ८७, २८, १३, ०, ५८, ०, २ आणि ११८. बेरीज ४११. दौरा शतकाने सुरू झाला आणि शतकाने संपला, मध्ये दोन भोपळे. ओव्हलवर रात्रीचा पहारेकरी म्हणून आलेल्या आकाश दीपसोबत त्याने केलेली १०७ धावांची भागीदारी नसती, तर सिराजला वाचवायला काही उरलेच नसते. त्या डावात त्याला जीवदाने मिळाली, हे खरे. पण कसोटीत सलामीवीराला जीवदानाचा फायदा उठवता येणे हाही गुणच.

त्याच्या खात्यातली लाल शाई क्षेत्ररक्षणाची आहे. लीड्सला त्याने एकट्याने चार झेल सोडले. त्यातला एक बेन डकेटचा, ९७ धावांवर असताना. डकेटने १४९ केल्या आणि इंग्लंडने ३७१ चे लक्ष्य पाच गडी राखून गाठले. गोलंदाज बळी कमावतो आणि स्लीपमध्ये तो सांडतो, हा हिशेब फलंदाजीच्या रकान्यात दिसत नाही.

दुसरा मुंबईकर, पालघरचा शार्दूल ठाकूर, दोन कसोटी खेळला. त्याला तीस षटकेही टाकायला मिळाली नाहीत. ४६ धावा, दोन बळी. ज्या अष्टपैलूवर कर्णधार चेंडू सोपवत नाही, त्याला संघात घेण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न शार्दूलपेक्षा व्यवस्थापनाला विचारायला हवा. नितीशकुमार रेड्डीची कथा फारशी वेगळी नाही.

बुमराविना जिंकलो, म्हणजे बुमरा नको?

मालिकेनंतर मोबाइलवर सर्वाधिक फिरलेला हाच मुद्दा. जसप्रीत बुमरा तीन कसोटी खेळला : दोन हरलो, एक अनिर्णित. तो नसलेल्या दोन्ही जिंकलो. आकडे खरे, निष्कर्ष चुकीचा.

बुमराने तीन कसोटींत २६ च्या सरासरीने १४ बळी घेतले. दोनदा डावात पाच. भारताच्या प्रमुख गोलंदाजांत ही सर्वोत्तम सरासरी आहे. लीड्सचा पराभव सुटलेल्या झेलांचा आणि ढासळलेल्या शेपटाचा होता : पहिल्या डावात शेवटचे सात गडी ४१ धावांत, दुसऱ्यात सहा गडी ३१ धावांत गेले. लॉर्ड्सला फलंदाजांनी १९३ केल्या नाहीत. बर्मिंगहॅमला तो नव्हता. पण तिथे फलंदाजांनी ५८७ आणि ४२७ धावा उभ्या केल्या होत्या.

मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल. मँचेस्टरला ११२ धावांत दोन बळी, हा बुमरा थकलेला होता. कसोटीच्या एका डावात त्याने शंभराहून अधिक धावा देण्याची ही पहिलीच वेळ. तो पाचही कसोटी खेळणार नाही, हे आगरकर यांनी दौऱ्याआधीच सांगितले होते आणि शरीर पाहता ते योग्यच. अडचण अशी की प्रतिस्पर्ध्यालाही आता हे वेळापत्रक कळते.

मग सिराजचे काय?

पाचही कसोटी, १८५.३ षटके, २३ बळी. दोन्ही संघांत सर्वाधिक. यातले १६ बळी बुमरा नसलेल्या दोन कसोटींतले : बर्मिंगहॅमला सात, ओव्हलला नऊ. ओव्हलवर त्याने हॅरी ब्रूकचा १९ वर झेल घेतला आणि पाय सीमारेषेला टेकला. ब्रूकने १११ केल्या. एकवेळ इंग्लंड ३ बाद ३०१ होते, ३७४ चे लक्ष्य ७३ धावांवर आले होते. त्यानंतर पुन्हा चेंडू हातात मागणारा गोलंदाज सिराज होता. दुसऱ्या डावात १०४ धावांत पाच बळी.

सरासरी ३२.४३ आहे, बुमरापेक्षा जास्त. पण पाचव्या कसोटीच्या पाचव्या दिवशी पूर्ण वेगाने धावत येणे कोणत्या रकान्यात मांडायचे? आता भीती उलटी आहे. बुमराच्या कार्यभाराची फाइल सांभाळणारे सिराजच्या १,११३ चेंडूंची नोंद तितक्याच काळजीने ठेवतील का? न दमणाऱ्या बैलालाच जास्त जुंपले जाते, हा शेतातला अनुभव क्रिकेटलाही लागू आहे.

त्याच्यामागे प्रसिध कृष्णाने तीन कसोटींत १४ बळी घेतले. ओव्हलवर दोन्ही डावांत चार-चार. सुरुवातीला आखूड चेंडूंवर त्याने भरमसाट धावा दिल्या, शेवटी टप्पा पुढे आणल्यावर बळी मिळाले. आकाश दीपच्या १३ पैकी १० बळी एकट्या बर्मिंगहॅमचे. हे दोघे पुढच्या दौऱ्यांसाठी ठेवायचे गोलंदाज आहेत, पण एका चांगल्या कसोटीवर भरवसा टाकण्याइतके अजून नाहीत.

तिसरा क्रमांक रिकामाच?

जवळजवळ. करुण नायर आठ वर्षांनी परतला. विदर्भाला रणजी करंडक जिंकून देताना त्याने हंगामात ८६३ धावा केल्या होत्या. इंग्लंडमध्ये आठ डावांत २०५, एकच अर्धशतक. ३१, २६, ४० अशा सुरुवाती मिळाल्या. एकही मोठी झाली नाही. साई सुदर्शनने सहा डावांत १४० केल्या, दोनदा शून्य. दौऱ्यावेळी सुदर्शन २३ वर्षांचा होता, नायर ३३ चा, त्यामुळे संधीचे माप दोघांना सारखे लागणार नाही.

इथे मुंबईच्या सर्फराज खानचे नाव निघणे साहजिक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळूरुला न्यूझीलंडविरुद्ध १५० करणाऱ्या सर्फराजला ऑस्ट्रेलियात एकही कसोटी मिळाली नाही आणि इंग्लंडसाठी मुख्य संघात जागाही नाही. न खेळताच जागा गेली. आता नायरला बाजूला केले, तर सर्फराजचा विचार आधी व्हायला हवा. रणजीच्या धावांना किंमत आहे हे नायरची निवड करतानाच समितीने मान्य केले होते.

कुलदीपला का खेळवले नाही?

फलंदाजी लांबवण्यासाठी. पाचही कसोटी तो बाहेर बसला. त्याऐवजी वॉशिंग्टन सुंदर चार कसोटी खेळला आणि त्याने निर्णय काही अंशी खरा करून दाखवला : २८४ धावा, मँचेस्टरला नाबाद १०१, जडेजासोबत २०३ धावांची अभेद्य भागीदारी, लॉर्ड्सच्या दुसऱ्या डावात २२ धावांत चार बळी. त्या भागीदारीमुळे कसोटी वाचली, हे नाकारता येत नाही.

पण त्याच मँचेस्टरला इंग्लंडने आधी ६६९ धावा केल्या होत्या. जो रूट आणि बेन स्टोक्स खेळत असताना जडेजा आणि सुंदर दिवसभर एकाच प्रकारचे प्रश्न विचारत राहिले. भारताने पाचपैकी तीन कसोटींत इंग्लंडचे दोन्ही डाव संपवले. त्यातल्या दोन जिंकल्या आणि तिसरी २२ धावांनी हरली. जिथे दोन्ही डाव संपवता आले नाहीत, त्या लीड्स आणि मँचेस्टरमध्ये जिंकणे शक्यच नव्हते. आठव्या क्रमांकावरच्या ३० धावांसाठी मनगटी फिरकीपटू बाहेर ठेवण्याचा सौदा तिथे महागात पडला. ऑक्टोबरमध्ये भारतीय खेळपट्ट्यांवर कुलदीप परतल्यावर सुंदर, जडेजा आणि अक्षर पटेल यांच्यातल्या कोणाला बसवायचे, हा पेच निवड समितीपुढे असणार होता.