मंगळावरचा चेहरा आणि मंगळावरच्या भिंती

दोस्तांनो, पौर्णिमेच्या चंद्रावर तुम्हाला ससा दिसतो ना? आजीनं एकदा बोट दाखवून सांगितलं की तो दिसतो, आणि मग काही केल्या जात नाही! तो ससा म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची काळसर मैदानं, हे पुस्तकात वाचल्यावरसुद्धा!

अशीच गंमत मंगळावर झाली. २५ जुलै १९७६ चा दिवस. अमेरिकेचं ‘व्हायकिंग-१’ यान मंगळाभोवती फिरत होतं. मागून येणाऱ्या ‘व्हायकिंग-२’ला उतरायला चांगली जागा हवी होती, म्हणून फोटो काढणं चाललं होतं. सायडोनिया नावाच्या भागाचा फोटो आला आणि बघतात तर काय, डोळे, नाक, तोंड असलेला भलामोठा चेहरा आकाशाकडे टक लावून बघतोय! “हा तर टेकडीवरचा ऊनसावलीचा खेळ,” असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. पण लोक कुठले ऐकायला! कुणी म्हणालं, मंगळवासीयांनी पुतळा कोरलाय. कुणी शेजारच्या टेकड्यांना पिरॅमिड ठरवून टाकलं.

अशा वेळी दोन चुका होतात. एक म्हणजे लगेच विश्वास ठेवणं. दुसरी चूक आम्ही मोठी माणसं करतो. “काहीतरीच काय!” असं म्हणून हसून मोकळे होतो. आई-बाबांनो, मुलांनी असलं काही विचारलं तर कृपा करून हसू नका. त्यापेक्षा विचारा, “दुसरा फोटो आहे का रे?”

शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. जुन्या फोटोतला एकेक ठिपका म्हणजे जमिनीवरचे जवळजवळ ५० मीटर. शिवाय फोटो पृथ्वीवर येताना काही ठिपके गळाले होते. त्यातलाच एक नेमका नाकपुडीच्या जागी! ५ एप्रिल १९९८ रोजी ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानानं त्याच जागेचा दसपट स्पष्ट फोटो काढला. चेहरा गायब! पण काहीजण कुरकुरले, “त्या दिवशी वर ढग होते.” बरं बाबा! ८ एप्रिल २००१ रोजी, आकाश निरभ्र असताना, आणखी स्पष्ट फोटो काढला. दिसली ती ऊनवाऱ्यानं झिजलेली एक टेकडी.

म्हणजे मंगळावर नवल नाहीच का? थांबा, थांबा! १९७२ साली ‘मरिनर-९’ यानाला मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ उंच, सरळसोट भिंती दिसल्या. एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या, जणू कुणी पट्टी घेऊन आखलेल्या. मधले चौकोन काही किलोमीटर रुंद. दक्षिण अमेरिकेतले इंका लोक दगडी बांधकामात मोठे तरबेज. त्यांच्या शहरांची आठवण होऊन शास्त्रज्ञांनी या जागेला लाडानं ‘इंका सिटी’ म्हटलं.

इथं नव्या फोटोंनी उलटंच केलं. भिंती पुसल्या गेल्या नाहीत. उलट, या भिंती सुमारे ८६ किलोमीटर व्यासाच्या एका प्रचंड वर्तुळाचा भाग आहेत, असं २००२ साली कळलं! त्यावरून अंदाज असा, की फार पूर्वी तिथं एक मोठा अशनी आदळला, जमीन तडकली, आणि त्या भेगांत काहीतरी भरून घट्ट झालं. कदाचित खालून आलेला तप्त शिलारस असेल. पुढे आजूबाजूची मऊ जमीन झिजली आणि भेगांतला कठीण भाग भिंतीसारखा उभा राहिला. भेगांत शिलारस थिजून झालेल्या अशा भिंती आपल्या धुळे-नंदुरबारकडेही आहेत बरं का! त्यासुद्धा कुणी गवंड्यानं बांधलेल्या नाहीत.

आता एक प्रयोग करा. आईकडून कणकेचा उंडा मागून घ्या. तो थापून त्यावर बोटांनी चार-पाच खळगे, उंचवटे करा. मुद्दाम चेहरा काढायचा नाही हं! खोलीत अंधार करा, बॅटरी अगदी बाजूनं खाली धरा आणि वरून बघा. मग बॅटरी फिरवत फिरवत बरोब्बर डोक्यावर आणा. कुठल्या बाजूनं नाक उगवतं, कुठल्या बाजूनं डोळे मिटतात, ते वहीत टिपून ठेवा.

आणि हो, प्रयोग झाल्यावर कणीक आईला परत द्यायला जाऊ नका. त्याची पोळी कुणी खाणार नाही!