कुंडलिकेचे पाणी आणि साहसाचा हिशेब

आफ्रिकेतील झांबेझी नदीवर वाटाड्याच्या सोबतीने होडीतून चार-पाच दिवसांचा प्रवास करण्याचा बेत आखणारा प्रवासी आधी तीन गोष्टींची चौकशी करतो : नदीला पाणी किती, वाटाड्या परवानाधारक आहे काय, आणि रात्रीचा मुक्काम कोठे. पाणघोडे आणि मगरी यांची वस्ती असलेल्या त्या पात्रात हे जीवनमरणाचे प्रश्न असतात. झिंबाब्वेमध्ये वाटाड्याचा परवाना कठीण परीक्षेवाचून मिळत नाही, तो यामुळेच. रोहे तालुक्यात कोलाड येथे कुंडलिकेच्या प्रवाहात रबरी तराफ्यातून सुमारे बारा किलोमीटर जाणारा मुंबई-पुण्याचा पर्यटक बहुधा भाडे आणि जेवण यांचीच विचारपूस करतो. पाणी कोठून येते, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाही.

वस्तुतः या व्यवसायाचे सारे मर्म त्या प्रश्नातच दडलेले आहे. मुळशीच्या धरणात अडविलेले मुळा नदीचे पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याला उतरविले जाते. १९२७ सालापासून तेथे टाटांचे वीजगृह चालू आहे. हे पाणी मूळचे पूर्ववाहिनी. भीमेच्या वाटेने कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारे. भिरा व त्याखालील रावळजे येथे वीज निर्माण करून झाल्यावर ते कुंडलिकेत सोडले जाते. सकाळी पाणी सुटले की काही तास पात्र खळाळते, ते ओसरले की खडक उघडे पडतात. कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, तेव्हाही कोलाडला जलविहार चालतो, तो या उपकारामुळे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर कोलाडचे साहस हे विजेचे उपउत्पादन आहे. त्याचे वेळापत्रक वीजगृहात ठरते.

उपउत्पादन स्वस्त असते, फुकट मात्र नसते. मुळशीच्या धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण मात्र थांबले नाही. झांबेझीची कथाही निराळी नाही. ज्या करिबा धरणाखालून आज होडीच्या सफरी निघतात, ते १९५०च्या दशकात बांधले गेले, तेव्हा टोंगा जमातीच्या सुमारे ५७ हजार लोकांना नदीकाठ सोडावा लागला. प्रवाहाचा आनंद एकाला आणि त्याची किंमत दुसऱ्याला, हा व्यवहार दोन्हीकडे सारखाच घडला. मावळच्या त्या पिढीचे नुकसान आता भरून निघणार नाही; परंतु तीच विषमता नदीच्या खालच्या अंगाला पुन्हा निर्माण होऊ न देणे अजून हातात आहे.

आज तराफे आणि निवासगृहे यांत भांडवल घालणारे पुष्कळसे बाहेरचे आहेत. काठावरच्या गावांतील तरुणांच्या वाट्याला वल्हे आणि रोजंदारी येते. झिंबाब्वेने १९८०च्या दशकात वन्यप्राण्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा भाग ग्रामीण समाजाकडे वळविण्याची योजना आखली. तिच्यातील बराच पैसा जिल्हा परिषदांच्याच तिजोरीत अडकला, हा तिचा दोष. तरीही ज्यांच्या अंगणातून नदी वाहते त्यांचा तिच्या उत्पन्नावर हक्क आहे, हे तत्त्व तिने मान्य केले. कुंडलिकेच्या बाबतीत ते मान्य करण्यास कोणती अडचण आहे?

व्यावसायिक म्हणतील की, नवे कर व नवे नियम लादल्यास धंदाच बसेल. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. तथापि एका अपघाताने सर्वांचाच हंगाम बुडू शकतो, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले; आता त्याची अंमलबजावणी कागदावरून काठावर आली पाहिजे. पाणी सुटण्याची वेळ आदल्या दिवशी जाहीर व्हावी. वाटाड्यांसाठी पोहणे, प्रथमोपचार व सुटका यांची परीक्षा असावी आणि तिचे शिक्षण स्थानिक मुलांना रोह्यातच अल्प शुल्कात मिळावे. प्रत्येक तिकिटामागे ठरावीक रक्कम थेट काठावरच्या ग्रामपंचायतींना मिळावी व तिचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. यांतील एकाही गोष्टीस मोठे भांडवल लागत नाही.

याहून मोठा प्रश्न पाण्याचाच आहे. पश्चिमेकडे वळविलेले हे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यातील दुष्काळी भागाला द्यावे, अशी मागणी वारंवार होते, आणि तहानलेल्यांची मागणी अन्याय्य म्हणता येणार नाही. परंतु कुंडलिकेचे पाणी केवळ तराफ्यांना लागत नाही. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघणारे कालवे, रोह्याचे नळ आणि धाटावचे कारखाने त्याच्यावर विसंबून आहेत. उद्या वाटणीची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली, तर रोह्याच्या बाजूने कोण बोलणार? ज्या गावांना नदीपासून काही मिळालेच नाही, ती गावे तिच्यासाठी उभी राहतील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? कोलाडच्या उत्पन्नात काठावरच्या माणसाला वाटा देणे हा दानधर्म नव्हे. कुंडलिकेला उद्या लागणारा साक्षीदार आजच तयार करण्याचा तो व्यवहारी मार्ग आहे.