अक्षरओळखीचा पहिला धडा कोणाचा?



दीक्षा घेऊन आपण घरातील देव्हारा काढला, सणवार बदलले, लग्ने बौद्ध पद्धतीने लावली. परंतु मूल तीन वर्षांचे झाले की भिंतीवर मुळाक्षरांचा जो तक्ता टांगला जातो, तो मात्र जुनाच आहे. त्यावर बोट ठेवून मूल म्हणते, ‘ग’ गणपतीचा, ‘य’ यज्ञाचा, ‘क्ष’ क्षत्रियाचा. आणि ज्या आईवडिलांनी बावीस प्रतिज्ञांतील तिसऱ्या प्रतिज्ञेने गौरी-गणपतीची उपासना सोडली, तेच आईवडील ‘शाब्बास’ म्हणून त्याची पाठ थोपटतात. जे आपण जाणत्या वयात विचारपूर्वक नाकारले, त्याचीच ओळख मुलाला अक्षराच्याही आधी करून देणे, हा कोणता न्याय? ‘ग’ गवताचा म्हटल्याने ते अक्षर उमटत नाही काय?

यावर काही उत्साही मंडळींनी तोडगा काढला आहे: ‘ब’ बुद्धाचा, ‘भ’ भीमाचा. तो तक्ता अवश्य लावा. पण एवढ्याने कर्तव्य संपले असे जे मानतात, त्यांच्याशीच माझा खरा वाद आहे. चित्र बदलले आणि शिकविण्याची रीत तीच राहिली, तर मूल पूर्वी एक चित्र पाहून बोलत होते, आता दुसरे पाहून बोलेल. चित्र झाकून अक्षर विचारा. कित्येक मुले गप्प होतात. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘द’च्या आधी काय येते, असे विचारा, ते पुन्हा ‘क’पासून आरंभ करील. हे झाले पाठांतर. केवळ पाठांतरालाच विद्या म्हणण्याची परंपरा ज्यांची आहे, त्यांची ती त्यांना लखलाभ असो.

वर्णमालेचा क्रम कोणाच्या लहरीने लागलेला नाही. तो तोंडाच्या रचनेवरून लागलेला आहे. ‘क’ची ओळ कंठातून, ‘च’ची टाळूवरून, ‘ट’ची मूर्ध्यावरून, ‘त’ची दातांवरून आणि ‘प’ची ओठांवरून उच्चारली जाते. पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरे. मुलाचा तळहात त्याच्या तोंडापुढे धरा व त्याला आधी ‘क’ आणि मग ‘ख’ म्हणावयास लावा. ‘ख’ला हातावर वारा लागतो. गळ्यावर बोट ठेवून ‘क’ आणि ‘ग’ म्हणू द्या. ‘ग’ला कंप जाणवतो. ओळीतले शेवटचे अक्षर नाकातून येते. नाक चिमटीत धरून ‘म’ नीट म्हणून दाखवा पाहू! एक ओळ अशी समजली की उरलेल्या चार ओळींतील नियम मुलाला आपोआप सापडतो. ऐकीव गोष्ट पडताळून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्या उपदेशाचा पहिला धडा चार वर्षांच्या मुलाला देण्यास याहून सोपे साधन मला तरी ठाऊक नाही.

‘वर्ण’ हा शब्द ऐकताच आपले कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. परंतु अक्षरांच्या वर्णक्रमात ‘क’ पहिला म्हणून श्रेष्ठ नाही आणि ‘ह’ मागे म्हणून हीन नाही. तेथील जागा उच्चारस्थानावरून ठरते, व ती कोणालाही स्वतःच्या तोंडात तपासता येते. माणसांच्या वर्णक्रमाला अशी एकही कसोटी आजवर दाखविता आलेली नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात महाराष्ट्राच्या यादीत महार जात ३७ व्या क्रमांकावर आहे, ती इंग्रजी आद्याक्षरामुळे. त्या यादीत कोणी कोणाच्या वर नाही.

आणि ही विद्या परक्यांची आहे, हा न्यूनगंडही सोडा. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग नोंदवितो की, मुले सहाव्या वर्षी एकोणपन्नास अक्षरांचे ‘सिद्धम्’ नावाचे पहिले पुस्तक हाती घेत व सहा महिन्यांत ते पुरे करीत. जपानी अक्षरांचा अ, इ, उ, ए, ओ हा क्रम बौद्ध भिक्षूंनी अभ्यासलेल्या याच वर्णमालेवरून आला. देवनागरीची पूर्वज असलेली ब्राह्मी लिपी सम्राट अशोकाने सोपाऱ्याच्या शिलांवर कोरविली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला ती उलगडण्याची किल्ली मिळाली ती सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत. ज्या देशात धम्माने अक्षरे दगडावर सर्वांसाठी उघडी ठेवली, त्याच देशात १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला.

‘शाळा शिकवीलच की!’ असे म्हणणाऱ्यांना कायदा दाखविणे माझे काम आहे. संविधानाचे अनुच्छेद २१-क आणि २००९ चा शिक्षणहक्क अधिनियम ६ ते १४ वर्षांच्या बालकास हक्क देतात. तीन ते सहा वर्षांसाठी त्याच अधिनियमाचे कलम ११ शासन व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हणते. ‘करील’ असे म्हणत नाही. या एका क्रियापदात आपली मुले अडकली आहेत. अक्षरओळखीची नेमकी हीच वर्षे असून तेवढ्या वर्षांसाठी न्यायालयाचे दार ठोठावण्याजोगा पक्का हक्क हाती नाही. सुखवस्तू घरे ती उणीव पैशाने भरून काढतात. आपण ती संध्याकाळच्या अर्ध्या तासाने भरून काढली पाहिजे.

गणपतीच्या चित्रावरून दावा लावू नका. तो टिकणार नाही. परंतु शाळेत पाटीपूजन वा सरस्वतीपूजन सक्तीचे केले, तर अनुच्छेद २८ (३) लक्षात ठेवा: मान्यताप्राप्त अथवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. संमती नाही, हे लेखी कळवा व पोच घ्या.

‘इंग्रजी शाळेत घातले, आता मराठी अक्षरे कशाला?’ असेही विचारले जाते. सातबारा, फेरफार, पोलीस ठाण्यातील फिर्याद ही सर्व मराठीत असतात. ती स्वतः न वाचता सही करणारा पदवीधर आणि अंगठा उठविणारा त्याचा आजा, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मूल वाचू लागले की त्याच्यापुढे मराठी शब्दकोश ठेवा. मका, मगर, मध, मन यांत आधी कोणता शब्द येईल व का, हे त्यालाच शोधू द्या. पहिले अक्षर सारखे असेल तर दुसरे पाहावे, हे त्याला दोन दिवसांत कळते. तक्ता विकतच आणला पाहिजे असे नाही; जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत घरीच लिहा. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांना चित्र सापडणार नाही. तेथे जागा मोकळी ठेवा आणि नुसता उच्चार शिकवा.